डाव्या हाताला पेलणारा राउटर

दादा जाऊन आता वर्ष होत आलं. सातपूरच्या त्याच्या गाळ्यातली हत्यारं मी अजून कोणाला दिलेली नाहीत. मधूनमधून जाते, धूळ पुसते, परत येते. राउटरपाशी, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या विजेच्या यंत्रापाशी, मात्र हात जास्त वेळ रेंगाळतो. तो आम्ही दोघांनी मिळून निवडला होता, आणि दादा सुतार राहणार की नाही हे त्या निवडीवर ठरणार होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. खडीवर स्कूटर घसरून दादाचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट ताठच राहिलं. करवत ओढताना मनगट थोडं वळवावं लागतं, ते वळेना. प्लायवूडचा आणि हत्यारांचा व्यापार करणारे नाशिकच्या द्वारका चौकाजवळचे एक शेठ त्याला फार पूर्वीपासून ओळखत होते. त्यांनी निरोप पाठवला, "लाकूड ओळखता, गिऱ्हाईक ओळखता. माझ्या काउंटरवर या." दादा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आठवडाभर तो गाळ्यावर गेला नाही, यातून मला त्याच्या उत्तरापेक्षा जास्त कळलं.

मी तेव्हा एका वाचनालयात नोकरीला होते. तिथल्या कार्डांच्या कपाटाचे ड्रॉवर खिळ्यांचे होते. दिवसभर ओढून ओढून त्यांचे दर्शनी भाग हातात यायचे. नवं कपाट करायचं ठरलं आणि काम दादाला विचारलं गेलं. अट एकच, ड्रॉवरचे कोपरे डव्हटेलचे हवेत. म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखे टोकाकडे रुंद होत जाणारे दात एका फळीला पाडायचे, दुसरीला तशाच खाचा, आणि दोन्ही एकमेकींत बसवायच्या. मग कितीही ओढा, सांधा सुटत नाही. दादा हे दात करवतीनं आणि पटाशीनं पाडायचा. आता ते जमणार नव्हतं.

मस्कतला असलेल्या आतेभावानं कधीकाळी भेट म्हणून आणलेला डव्हटेल जिग माळ्यावर पडून होता. दोन फळ्या पकडणारी चौकट, वर बोटांसारख्या पट्ट्या. त्या बोटांमधून राउटर फिरवला की दोन्ही फळ्या एकदमच कापल्या जातात. सोबत पातं होतं, पात्याभोवती बसणारी पितळी नळी होती आणि इंग्रजी पुस्तिका होती. राउटर तेवढा नव्हता.

पुस्तिका मी वाचली, दादानं जिग हाताळून पाहिला, आणि पातं व नळी स्टीलच्या डब्यात घालून आम्ही शेठच्या दुकानात गेलो.

शेठनी सगळ्यात मोठं यंत्र काउंटरवर ठेवलं. "उचलून बघा. वजन म्हणजेच ताकद."

दादानं डाव्या हातानं उचललं, ठेवलं. "बटण मुठीतच आहे. उजव्या हातानं दाबून धरावं लागेल."

"मग काउंटरवर या म्हणतोय ना मिस्त्री. तिथं काही दाबावं लागत नाही."

मी डबा उघडून पातं पुढे केलं. पात्याची दांडी यंत्राच्या तोंडात शिरेना. शेठनी फिरवून पाहिलं, फुंकर मारली. "ताई, हे अर्धा इंच आणि हे बारा एमएम. एकच की. अख्खं नाशिक असंच मोजतं."

दादा हसला. तोही जन्मभर असंच मोजत आला होता. बारा एमएमची प्लाय मागायची तरी आम्ही अर्धा इंच म्हणतो, आणि फळीत तो फरक कोणी विचारत नाही. "प्लायमधे खपतं, शेठ. इथं नाही खपत."

"थोडी घासा ना दांडी."

"घासतो. चालू केल्यावर पातं सुटून उडालं तर समोर तुम्ही उभे राहाल?"

शेठनी मागच्या फळीवरून धुळीनं भरलेला दुसरा, जरा लहान राउटर काढला. हा कोणी घेत नव्हतं, कारण बाजारातली बारा एमएमची पाती त्यात ढिली पडत. आमचं पातं अलगद आत गेलं. बटण मोटरच्या अंगावर होतं, एकदा सरकवलं की काम झालं. पातं किती खोल जाईल ते पक्कं करायचा खटका डाव्या अंगठ्याखाली येत होता. दादानं खटका लावला आणि सगळं वजन टाकून यंत्र काउंटरवर दाबलं. ते तसूभरही खाली गेलं नाही. मग पितळी नळी बसवून त्यानं पातं बोटानं हळूच फिरवलं. ते एका बाजूला घासत होतं. स्क्रू ढिले करून, नळी सरकवून त्यानं पातं मधोमध आणलं.

शेठ मला म्हणाले, "राउटर घेताय की स्थळ बघताय?"

"स्थळाला इतकं कोण बघतं," दादा म्हणाला. "हाच द्या."

गाळ्यावर सरावाला आम्ही पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून आलेल्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या घेतल्या. रंधा मागे नेताना उचलायचा, ही सुताराच्या हाताची सवय. राउटर मात्र जिगवरून उचलायचा नसतो, नाहीतर फिरतं पातं जिगची बोटंच कापतं. म्हणून दादानं आधी यंत्र बंद ठेवून ते नुसतं पुढे-मागे सरकवलं, शेवटी आडवं बाहेर ओढलं. पुन्हा पुन्हा. मी शेजारी उभी राहून "उचलू नको" म्हणत राहिले, तो "नाही उचलत गं बाई" म्हणत राहिला.

पहिला सांधा खुळखुळला.

"पातं आणखी खाली काढ," मी पुस्तिकेत बघून म्हटलं.

"अगं, आधीच जास्त कापलंय. आणखी कापलं तर आणखी ढिलं होईल."

"इथं उलट लिहिलंय. खोल गेलं की घट्ट होतं."

"मग पुस्तिकाच उलटी छापलीय." तरी त्यानं पातं खाली काढलं. दुसरा सांधा इतका घट्ट झाला की अर्ध्यावर अडकला. दादा त्याच्याकडे बघत राहिला. दात टोकाकडे निमुळते नसून रुंद होतात, पातंही तसंच टोकाशी रुंद असतं, त्यामुळे खोल जाताना खाचेचं तोंड अरुंद आणि दात जाड राहतो, हे त्यानं कापलेल्या फळीवर नखानं मला दाखवलं. छापलेलं मला पाठ होतं. कारण त्याच्या नखाखाली समजलं.

तिसऱ्या वेळी त्यानं खोली केसभर कमी केली. फळ्या जुळवल्या, डाव्या हातात लाकडी हातोडा घेतला आणि ठोकलं. दात आत जाताना आवाज बदलत गेला, आणि शेवटच्या ठोक्याला एकदम भरीव आला. मी एक फळी धरली, त्यानं दुसरी. दोघांनी पाय रोवून ओढलं. सांधा हलला नाही. मी मागे रेलले तशी दादा हसायला लागला, आणि अपघातानंतर तो असा हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तो कोपरा पिशवीत घालून आम्ही तसेच दुकानात गेलो. शेठ म्हणाले, "काय मिस्त्री, एक तारखेपासून येताय ना?"

दादानं कोपरा पुढे ठेवला. "ओढा."

शेठनी ओढला, मग गुडघ्यावर टेकवून ओढला. उलटापालटा करून पाहिला. "खिळा कुठं लपवलाय?"

"खिळा नाही. आणि मी काउंटरवर येणार नाही, शेठ."

शेठनी कोपरा काउंटरवर उभा केला. "हा इथंच राहू द्या. यंत्र खपवायला बरा."

"यंत्राचं तुम्ही बघा. ड्रॉवर हवे असणारे माझ्याकडे पाठवा."

शेठनी तो कोपरा आम्हाला कधीच परत दिला नाही. बाहेर येऊन दादानं स्कूटरला किक मारली, मनगटाऐवजी कोपर वळवून मूठ पिळली आणि मला म्हणाला, "बस. कपाटासाठी सागवान बघून येऊ."