बिननियमांच्या शर्यतीत उजवीकडच्याला वाट

शर्यतीची गाडी बांधताना सगळ्यात आधी तिच्या आतल्या सीट काढतात, हे मला एका व्हिडिओतून कळलं होतं. ती गाडी आधी आमच्या मिल्टन कीन्सहून लेस्टरला चालवत न्यायची आहे, हे व्हिडिओवाल्याला माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. तरीही शनिवारी सकाळी मी आमच्या जुन्या निळ्या गाडीच्या सगळ्या सीट उपसून समोरच्या हिरवळीवर मांडल्या, आणि हात झटकत आत येऊन बायकोला म्हणालो, "चल, निघू या."

वैदेहीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. ती इथल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे धक्का बसला तरी आवाज चढत नाही.

"आणि मी काय पाटावर बसून मोटरवेवर जाऊ?"

गाडी तीच चालवणार होती, कारण मी चालवत नव्हतो. आठ महिन्यांपूर्वी एका गोल चक्करावर (राउंडअबाउटवर), पुस्तकात लिहिलंय तसं उजवीकडून येणाऱ्यांना वाट देत मी शहाण्यासारखा थांबलो होतो, तेव्हा मागून एक व्हॅन येऊन माझ्यावर आदळली. नियम पाळत होतो मी, आणि मान आखडली तीही माझीच. मान यथावकाश सुटली. उजवा पाय मात्र ॲक्सिलरेटरवर ठेवला की शिवणयंत्राच्या पायट्यासारखा हलायला लागायचा.

मिल्टन कीन्समध्ये गाडी न चालवणारा प्रौढ माणूस म्हणजे संशयित. मी रेडवेवरून (सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठीची तांबडी वाट) एकटा जाताना दिसलो की लोक माझा कुत्रा कुठे हरवलाय का ते विचारायचे. घरून काम होतं तोवर हे सगळं खपलं. मग आमच्या ऑफिसनं सगळ्यांना परत बोलावलं, आणि ऑफिस अशा बिझनेस पार्कात आहे की तिथे बससुद्धा वाट चुकून येत नाही. तेव्हापासून वैदेही रात्रपाळी करून आली की कोट न काढता मला सोडायला निघायची. शेजारी बसून मी पायाखालचा नसलेला ब्रेक दाबत असायचो. "अहो, तो पाय उचला," ती म्हणायची. ती झोपते कधी, हे मी विचारत नसे. उत्तर तिच्या डोळ्यांखाली दिसत होतं. आणि असंच चालू राहिलं तर मी नोकरी सोडणार, हे आमचं न बोलता ठरल्यासारखं होतं.

यावर उपाय काढला तो माझ्या मेहुण्यानं. नितीन लेस्टरला दातांचा डॉक्टर आहे, म्हणजे दुखतं तिथेच बोट घालून "इथे का?" असं विचारणारा माणूस.

"दाजी, तुम्हाला धडकेची भीती वाटते ना? मग जिथे धडक हाच कार्यक्रम आहे तिथे जाऊ. बँगर रेस! चिखलात, काही नियम नाहीत."

बँगर म्हणजे ठोकून घेण्यासाठीच पळवायची मोडकी गाडी. आमची निळी डिकीत खड्डा घेऊन दारात उभीच होती. पात्रता तिनं आधीच मिळवली होती.

तर त्या शनिवारी शेवटी नितीनच ट्रेलर घेऊन आला. हिरवळीवरच्या सीट पाहून त्यानं विचारलं, "सेल लावलाय का?" निळी ट्रेलरवर चढली, वैदेहीची गाडी मागे, आणि असे आम्ही एम-वन मोटरवेला लागलो. मी वैदेहीशेजारी बसून लेस्टरपर्यंत ब्रेक दाबत राहिलो.

बेलग्रेव्ह रोडला गाडी उभी करायला जागा मिळाली, हे या प्रवासातलं पहिलं आश्चर्य. साड्यांची दुकानं, सोनार आणि फरसाणवाले यांच्यामधून आम्ही गरम कचोऱ्या घेऊन निघालो. दुकानातल्या काकूंनी ट्रेलरवरच्या गाडीकडे बघून हिंदीत विचारलं, "ॲक्सिडेंट?" नितीन म्हणाला, "अजून नाही. उद्या." काकूंनी पिशवीत दोन कचोऱ्या जास्तीच्या टाकल्या.

नितीनचं गॅरेज त्याच्या घरामागे आहे. तिथे दुपारभर आम्ही जे केलं त्याला तो 'रिस्टोरेशन' म्हणत होता. काचा काढल्या. दारं वेल्ड करून कायमची बंद केली. छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. वेल्डिंग करताना नितीन सवयीनं गाडीला म्हणायचा, "थोडं टोचेल हां." एक्झॉस्ट त्यानं बॉनेटमधून चिमणीसारखा वर काढला. सुरू केल्यावर असा आवाज आला, की शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावून फार गोड हसल्या. इंग्लंडात याचा अर्थ तक्रार.

पण आमची खरी क्रांती म्हणजे सीट. नितीनच्या दवाखान्यात पेशंटची नवी खुर्ची आली होती आणि जुनी गॅरेजात पडून होती. ती आम्ही पाठ सरळ वेल्ड करून ड्रायव्हरच्या जागी बसवली.

"या खुर्चीत लोक घाबरतात, दाजी. तुमची भीती निदान योग्य जागी बसेल."

"थुंकायची सोय ठेवलीस का?" वैदेहीनं विचारलं. ती कोपऱ्यात स्टुलावर बसून पेंगत होती.

रविवारी सकाळी लेस्टरपासून तासाभरावर एका शेतकऱ्याच्या माळावर पोचलो. मेंढ्या शेजारच्या शेतात हलवल्या होत्या. त्या कुंपणाला टेकून बघत होत्या, आणि तिथे जमलेल्या सगळ्यांत त्याच समंजस वाटत होत्या. चिखलातला लांबट गोल ट्रॅक, कडेनं मोठे टायर, एक बर्गरची व्हॅन आणि मोडक्या गाड्यांची जत्रा. एकीच्या टपावर शार्कचा पर, एकीला पुढून आगगाडीच्या इंजिनासारखी जाळी. आणि एक चक्क जुनी शववाहिका. तिची मालकीण पॅट, सत्तरीची, ओठाला गुलाबी लिपस्टिक. "मला काही झालं तर दुसरी गाडी बोलवायला नको," ती म्हणाली.

मग सुरू झाली बिननियमांच्या शर्यतीची नियमावली. ब्रेंडा नावाच्या केशरी जाकिटातल्या बाई गाड्या तपासत होत्या. पेट्रोलची टाकी मागून आत हलवली आहे का? बॅटरी बांधली आहे का? हेल्मेट, पट्टा, आग विझवायचं नळकांडं? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा इतके प्रश्न विचारत नाहीत. खुर्चीपाशी त्या थांबल्या.

"ही मागे कलते का?"

"आता नाही," नितीन म्हणाला.

त्यांनी खुर्ची गदागदा हलवली, वेल्डिंगवर हातोडी मारून पाहिली. "मागच्या वर्षी एकानं सोफा आणला होता," त्या म्हणाल्या, आणि आम्ही पास झालो. वैदेहीनं त्यांना तिखटामिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं दिलं. ब्रेंडाबाईंनी पुरी तशीच ठेवली आणि लोणचं जॅमसारखं चमच्यानं संपवलं. डोळ्यांत पाणी आलं तरी चमचा खाली ठेवला नाही. हा देश जगावर राज्य कसा करून गेला, ते मला तेव्हा समजलं.

दारं बंद असल्यामुळे खिडकीतून आत शिरायचं होतं. माझं डोकं आणि खांदे गेले. मधला भाग विचार करत राहिला. नितीननं मागून ढकललं. वैदेही पुढे आली, माझा पट्टा आवळला आणि हेल्मेटची काच उचलून डोळ्यांत पाहिलं. भूल देण्याआधी ती पेशंटकडे अशीच बघत असणार.

"पाय हलतोय का?"

"हो."

"उतरायचंय?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि काच खाली केली.

झेंडा पडला. सगळ्या गाड्या किंचाळत सुटल्या आणि निळी रविवारी सकाळी दूध आणायला निघाल्यासारखी निघाली. तरी निघाली, हे महत्त्वाचं. पहिलं वळण आलं. ट्रॅक घड्याळाच्या दिशेनं, म्हणजे अगदी आमच्या गावच्या गोल चक्करासारखा. उजवीकडून शार्कवाला आला आणि माझा डावा हात आपोआप वर झाला: या, आपण आधी. तो गेला. त्याच्यामागे जाळीवाला आला. त्यालाही वाट दिली. लाउडस्पीकरवरचा माणूस आनंदानं ओरडला, "लोकहो, ही निळी गाडी उजवीकडच्यांना प्राधान्य देते आहे! आणि आता तिनं इंडिकेटर लावलाय!" लावला होता. तो चालतो, हे मला आठ महिन्यांत प्रथमच कळलं.

पुढच्या वळणावर मी पुन्हा थांबलो, आणि तेव्हा मागून धडक बसली.

आवाज अगदी तोच. पत्रा दुमडल्याचा, आणि त्यामागून येणारी ती शांतता. मी डोळे मिटून घेतले. आता मान जाणार, मग तो व्हॅनवाला खाली उतरून "सॉरी मेट" म्हणणार, मग घर, मग वैदेहीचा कोट. मी वाट पाहत राहिलो. काहीच झालं नाही. इंजिन तेवढं खुर्चीखाली भडभडत होतं. शेजारी शववाहिका येऊन उभी राहिली. पॅट खिडकीतून ओरडली, "झोपलास का, राजा? मी काही दिवसभर मोकळी नाही!" आणि जाता जाता तिनं मला आणखी एक ठोकली. तीही प्रेमानं.

मी खाली पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता. हलत होता, अजूनही. पण गाडी काही त्याची परवानगी मागत नव्हती. मी दाबला.

पुढचं मला सलग आठवत नाही. चिखल तोंडात आला. शार्कवाला उजवीकडून आला, आणि मी वाट दिली नाही. तो आश्चर्यानं बघत टायरांवर जाऊन बसला. एका वळणावर मी शववाहिकेला मागून गाठलं, ठोकलं, आणि सवयीनं हात बाहेर काढून "सॉरी, सॉरी!" म्हणालो. पॅटनं हाताची जी खूण केली ती घरच्या वाचकांसाठी सांगण्यासारखी नाही. मी मोठ्यानं हसलो. मग चिमणीतून वाफ आली, बॉनेट उडालं आणि निळी ट्रॅकच्या मधोमध चिखलात बसली. शर्यत पूर्ण केलेल्यांत मी नव्हतो. शर्यतीत होतो, एवढं मात्र ब्रेंडाबाईंनी मान्य केलं.

नितीन धावत आला. "दाजी, बत्तिशी जागेवर आहे ना?" ओरडला तो, आणि मला खिडकीतून बाहेर ओढायला लागला. या वेळी मधला भाग सहज निघाला. भीतीनं माणूस फुगतो की काय, कोण जाणे.

निळी तिथेच भंगारवाल्याच्या क्रेनला लागली. नितीनला त्याची खुर्ची परत हवी होती. मी त्याचा निरोप घेऊन वैदेहीच्या गाडीशी आलो. पाहतो तर ती डावीकडच्या दारापाशी उभी. तिनं किल्ली छतावरून माझ्याकडे सरकवली.

चिखलाच्या बुटांनी मी बसलो. शेतवाटा, मग लेस्टरबाहेरचे गोल चक्कर. एकेक पार करताना पाय हलला, प्रत्येक वेळी. तो बरा झाला, असं मी म्हणणार नाही. इतके दिवस मी तो थांबायची वाट पाहत बसलो होतो, आणि हलता पायसुद्धा पेडल दाबू शकतो, एवढंच त्या माळावर कळलं. एवढ्यासाठी एक गाडी मोडावी लागली. माणसं याहून महागात शिकतात, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली आणि एम-वनवर चढलो. उजवीकडे ट्रक, मागे ट्रक. मी धीर करून त्यांच्यामध्ये शिरलो.

शेजारी वैदेहीनं बूट काढले, पाय पोटाशी घेतले, स्कार्फ डोळ्यांवर ओढला.

"मी झोपते आहे," ती म्हणाली. "काही झालं तरी मला उठवू नका."