आईच्या भाषेतला प्रचार

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई जन्माने अमेरिकन, आईवडील मेक्सिकोचे. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या इमारतीत आम्ही दोघी रोज एकत्र डबा खातो. तिकडे निवडणूक आली की तिची आई टेक्सासहून तिला व्हिडिओ पाठवते आणि ती ते मला दाखवते. परवा असाच एक होता. जन्मभर इंग्रजीच बोललेला उमेदवार छातीवर हात ठेवून स्पॅनिशमध्ये मतं मागत होता. मला स्पॅनिश येत नाही, पण त्याची धडपड कळत होती. नव्या नवरीने घाबरत उखाणा घ्यावा तसा तो एकेका शब्दापाशी अडत होता.

"किती भयंकर बोलतो!" ती म्हणाली. "आणि माझी आई दर वेळी पाघळते. म्हणते, आपल्यासाठी शिकला बिचारा. अगं, इलेक्शन खलास की स्पॅनिश खलास!"

गरज सरो, वैद्य मरो. मी तिला ती म्हण इंग्रजीत समजावून सांगितली आणि आम्ही दोघी तिच्या आईच्या भोळेपणाला हसलो.

खरं सांगायचं तर माझा आतून जळफळाट झाला होता. मोडकं का होईना, त्या म्हातारीच्या भाषेत बोलायला कुणीतरी घोकंपट्टी केली होती. माझ्यासाठी कोण करतंय? इथे आखातात आम्हाला मत नाही. गावचं मत द्यायचं तर विमानाने जाऊन रांगेत उभं राहायला हवं, म्हणून तिथलेही मला विचारत नाहीत. पण ते उमेदवार गेले खड्ड्यात. मला हवी होती माझी मुलगी. सोळा वर्षांची, शारजात वाढलेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. तिला सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की, "मम्मी, आय साउंड स्टुपिड."

त्याच आठवड्यात आम्हा मायलेकींचं वाजलं होतं. मैत्रिणींबरोबर अबू धाबीला गाण्याच्या कार्यक्रमाला जायचं आणि रात्री एकीच्या मावशीकडे राहायचं, असा तिचा बेत. मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही. खलास." तेव्हापासून ती माझ्याशी इंग्रजीतही बोलत नव्हती.

शनिवारी ऑफिसातली ही मैत्रीण आमच्या अल मजाजच्या घरी जेवायला आली. दार लेकीने उघडलं आणि चक्क स्पॅनिशमध्ये तिचं स्वागत केलं. शाळेत तिला तो विषय आहे, हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून मी तो कधी ऐकला नव्हता. दोघी बाल्कनीत खाडीकडे तोंड करून बसल्या. पोरगी अडखळत होती, चुकत होती, खिदळत होती. पाहुणी तिला सुधारत होती. तिथे कुणालाच स्टुपिड वाटत नव्हतं. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा! तव्यावरचं थालीपीठ करपलं. ते मी पाहुणीच्या ताटात वाढलं, मुद्दाम. तिने ते केचप लावून आवडीने खाल्लं आणि आणखी एक मागितलं. मला त्याचाही राग आला.

रविवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. लेक येऊन पलंगाशी उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. एरवी मी मम्मी असते. "आई, मला जायचा आहे. सगळी मुली आहेत. मी तुझ्याला प्रॉमिस करते, पोचली की... पोचली की लगेच फोन करणार. हो म्हण ना."

पाठ केलेलं होतं. मध्येच छताकडे बघून तिने पुढचा शब्द आठवला, तेही मी पाहिलं.

"कुणी शिकवलं हे?"

"आंटी सेड, आस्क हर इन हर लँग्वेज," ती लगेच इंग्रजीच्या मुक्कामी परतली. "इट ऑलवेज वर्क्स ऑन हर मदर."

म्हणजे हेही त्या बाईनेच दिलेलं. सोळा वर्षं मी ज्याच्यासाठी मागे लागले, ते तिने माझ्याच बाल्कनीत बसून, माझंच थालीपीठ खाऊन, जाता जाता करून दाखवलं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की पोरीला सरळ खोलीत पाठवणार होते.

"पुन्हा एकदा म्हण," माझ्या तोंडून निघालं.

तिने पुन्हा म्हटलं. 'तुझ्याला' तसंच होतं. मी सुधारलं नाही. हो म्हटलं.

"यल्ला, लेट्स गो! थँक यू, मम्मी!" आणि ती मैत्रिणींना फोन लावत पळाली.

सोमवारी ऑफिसात डबा उघडायच्या आधीच शेजारणीने विचारलं, "काय, मिळालं का तिला मत?"

मी भाजीचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "तुझ्या आईला माझा नमस्कार सांग."