कडेवरची निळी रेघ

सुटे कागद नीट ठेवायच्या तीन पद्धती मी करून पाहिल्या. तिन्ही लातूरला, गंजगोलाईच्या बाजारामागं एका भाड्याच्या खोलीत. पहिल्या दोन कुचकामी निघाल्या. तिसरी चांगली आहे आणि आजही चालू आहे. फक्त ती माझी आहे हे कुणाला माहीत नाही.

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ पाऊस तुटला. नव्या कचेऱ्यांना कारकून हवे होते, त्यासाठी परीक्षा होती. मी उदगीरहून आले आणि माझी मावसबहीण भोकरहून. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणायची. मला नोकरी लागली नाही तर वैशाखात नांदेडच्या स्थळाला होकार द्यायचा, असं घरी ठरलेलं. अक्काला सासरच्यांनी परत पाठवलं होतं आणि ती भावाच्या घरी सगळ्यांच्या भाकरी थापत होती. दोघींनाही नोकरी हवी होती. दोघी एकाच खोलीत राहतो, एकाच तव्यावरचं खातो, म्हणजे दोघी एकाच बाजूला आहोत, असं मी धरून चालले होते.

सुट्या कागदांचं कारण पाणी. गल्लीच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. रोजचे तीन-चार तास घागरींच्या रांगेत जायचे. तिथं वही नेली की भिजायची, धक्क्यात पडायची. म्हणून मी टाचणं सुट्या कागदांवर लिहायला लागले. एक कागद घडी करून कमरेला खोचायचा, रांगेत पाठ करायचा, परत आणून ठेवायचा. भिजला तर एकच भिजतो.

पण परत ठेवायचा कुठं? आधी मी पोती शिवायच्या दाभणानं कोपऱ्यात भोक पाडून कागद सुतळीत ओवले. मधला एक काढायचा तर वरचे पन्नास उतरवावे लागत, भोकं फाटत. मग आकडे घातले. बारा आणि तेराच्या मधे नवीन कागद आला की बारा-अ, मग बारा-आ. आठवड्यात मलाच समजेना.

तिसरी पद्धत वडिलांकडून आली. ते उदगीरच्या मोंढ्यात एका आडतीच्या गोदामावर होते. पोत्यांची थप्पी लागली की ते गेरूनं तिच्यावर खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढत. कुणी मधलं पोतं काढलं की वरची पोती खाली बसतात आणि रेघ तुटते. पोती मोजायची गरज नाही, लांबूनच दिसतं. मी तेच कागदांना केलं. विषय लिहून पुरा झाला की गठ्ठा ठोकून सारखा करायचा, कडेवर निळ्या पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढायची, वरखाली पुठ्ठे लावून नाडीनं बांधायचं. प्रत्येक कागदाच्या कडेवर रेघेचा एक ठिपका उरतो आणि प्रत्येकाचा वेगळ्या जागी. परत ठेवताना ठिपका रेघेत बसला की जागा बरोबर. वाचायचीसुद्धा गरज नाही.

अक्काला हे फार आवडलं. रांगेत ती सगळ्यांना सांगायची, "हिचे कागद आपल्या पायानं घरी जातेत."

"मग घागरीलाबी एक रेघ ओढ म्हणावं," आमची घरमालकीण म्हणाली. "माझी घागर रोज मागं जायलीय."

"मावशी, तुमची घागर न्हाई, तुम्हीच मागं जायलात. गप्पा मारायला," अक्का म्हणाली.

"तू बोल. आन् तू गं कलेक्टरीणबाई, कागद खोच अन् म्होरं सरक. नळ आला."

सगळ्यांत मोलाचा गठ्ठा नव्या जिल्ह्याचा होता. दुकानात मिळणाऱ्या पुस्तकांत अजून जुनाच जिल्हा छापलेला. उस्मानाबादेहून दप्तराबरोबर बदलून आलेले एक वयस्कर कारकून आमच्या गल्लीत राहायचे. ते म्हणाले, "पोरींनो, पुस्तकातलं लिहिलं तर गेलात. नवं विचारणारच." मग मी त्यांना विचारून, वर्तमानपत्रांची कात्रणं गोळा करून सगळं लिहून काढलं. कुठला तालुका कुठं आला, कुठली गावं इकडं आणि कुठली तिकडं, नदी कुठल्या हद्दीतून जाते. अक्का म्हणाली, "दोघींनी कशाला लिहायचं? तुझं अक्षर चांगलंय. तू लिही, मी भाकरी करते." वाटणी मला पटली. म्हणून या गठ्ठ्याची प्रत एकच होती.

परीक्षेच्या चार दिवस आधी मी त्यातला तालुक्यांचा कागद काढायला गेले, तर तो नव्हता. त्याच्या पुढचे-मागचेही नव्हते. पंधरा-सोळा कागद गेले होते. आणि रेघ तर सलग होती.

मला आधी वाटलं, आपलीच चूक. दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवले असतील. सगळे गठ्ठे सोडले, कॉट ओढली, पेटी उपसली. मग गठ्ठा खिडकीशी नेऊन कडेकडं नीट पाहिलं. रेघ जाड होती. तिच्याखाली माझी जुनी रेघ ब्लेडनं खरवडलेली होती, पण पूर्ण गेली नव्हती. ती मधेच तुटून चार बोटं पुढं सरकलेली दिसत होती. मधले कागद काढून, गठ्ठा पुन्हा ठोकून, माझ्याच निळ्या पेन्सिलीनं वरून नवी रेघ ओढली होती.

कागद नळावर हरवतात, वाऱ्यानं उडतात. रेघ आपोआप दुसऱ्यांदा ओढली जात नाही.

अक्का पीठ मळत होती. मी गठ्ठा तिच्यापुढं धरला.

"अक्का, ही रेघ कुणी ओढली?"

"कसली रेघ?"

"अक्का."

तिनं परातीतला हात काढला नाही. "दोघींनी पेपरात एकच लिहिलं तर काय उपेग? जागा किती हायत, तुला ठावं हाय."

"कागद कुठायत?"

"माझे पाठ झाले, मग परवाच्या भाकरीखाली गेले."

परवाच्या भाकरी मीही खाल्ल्या होत्या. चांगल्या भाजल्या होत्या, तसं मी म्हणालेही होते.

"तुला न्हाई लागली तर तुझं लगीन होईल," अक्का म्हणाली. "मला न्हाई लागली तर मी कुठं जाऊ, सांग. भोकरला? वहिनीच्या हाताखाली?"

तिचं खोटं नव्हतं. पण हेच तिनं आधी, कागद हातात असताना म्हटलं असतं तर आम्ही काहीतरी काढलं असतं. निदान भांडलो असतो. तिनं माझ्याकडून शिकलेलीच गोष्ट माझे डोळे झाकायला वापरली, ते मला जास्त लागलं. मी माझ्यापुरती भाकर वेगळी थापली. चार दिवस एका खोलीत दोन तवे तापले.

नव्या जिल्ह्यावर प्रश्न आले. आठवलं तेवढं लिहिलं, बरंचसं आठवलंही. त्या कागदांमुळेच माझी नोकरी हुकली असं म्हणणार नाही. माझं गणितही कच्चं होतं. यादीत अक्काचं नाव होतं, माझं नव्हतं. वैशाखात माझं लग्न झालं आणि मी नांदेडला आले. घरी मी कुणालाच काही बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी एवढंच ऐकलं असतं, की ही नापास झाली आणि बहिणीवर जळते. पुढं प्रत्येक लग्नकार्यात आई तिच्याकडं बोट दाखवायची, "बघ, टाकलेली पोर, पण कशी उभी राहिली." मी वाढप चालू ठेवायची.

मागच्या उन्हाळ्यात वडिलांच्या जागेच्या जुन्या कागदाची नक्कल हवी होती म्हणून लातूरच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं कपाटातून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. वरखाली पुठ्ठे, नाडी. कडेवर निळी तिरपी रेघ.

"ही कुणाची पद्धत?" मी विचारलं.

"आमच्या बाईंची. रिटायर झाल्या आता. त्यांनीच सगळं लावून दिलंय. कागद हलला की रेघ तुटतीय, बघा."

"त्यांना कुणी शिकवली?"

"कोण शिकवणार? त्यांच्याच डोक्यातली हाय. लई हुशार बाई."

मी गठ्ठा उचलून खिडकीशी नेला आणि कड उजेडात धरली.

"काय बघायलात, मावशी?"

"रेघ एकच आहे का, ते. दोन दिसल्या तर मधले कागद मोजून घेत जा."

"असं त्या कधी म्हणल्या न्हाईत," तो म्हणाला.

"नसतील म्हणाल्या."

रेघ एकच होती. नक्कल दहा मिनिटांत मिळाली.