आईच्या उशाशी मुकी घंटा

बाइंडरला राग येत नाही, असं गल्लीत म्हणायचे. येत होता हो, पण बिचारा तो स्वतःवरच काढायचा.

खाली त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान, वर आई. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. कटिंग मशीन सुरू झालं की तिची हाक खाली पोचत नसे. ताई म्हणाली, "तिला मी घेऊन जाते." हा हट्टाला पेटला. "थांब जरा, मी बिनतारी घंटा करतो. वर बटण, खाली घंटा." सर्किटं जोडायचा छंद त्याला लहानपणापासूनचा.

घंटा वाजली! आई पुन्हापुन्हा बटण दाबून लहान पोरीसारखी हसली. दुपारी आतली विकत आणलेली चिप तापली आणि घंटा मुकी झाली.

चिप परत नेऊन दाखवली, तर सुटे भाग विकणारा पार्टवाला मान वर न करता म्हणाला, "माल अस्सल आहे. तुमचंच सोल्डरिंग कच्चं असेल." आणि ह्या शहाण्यानं ते खरं मानलं! छंदी माणसाची ही खोडच, आधी आपल्याच हाताला दोष द्यायचा. त्यानं सगळं उसवून पुन्हा जोडलं. वाजली, पुन्हा गप्प. पुन्हा उसवलं. शेवटी एकदा आई बटण दाबत राहिली, खाली काही कळलंच नाही. पाणी घ्यायला स्वतःच उठली आणि पडली.

तेव्हा कुठे त्याला मालाचा संशय आला आणि त्यानं थिनरचा बोळा चिपवर फिरवला. वरचं नाव काजळासारखं पुसलं गेलं आणि खाली भलत्याच मालाचं नाव निघालं. तळपायाची आग मस्तकात गेली. बोळा घेऊन तो तडक पार्टवाल्याच्या दुकानात शिरला आणि गिऱ्हाइकांसमोर डब्यातल्या चिपा पुसत सुटला.

"अहो, छंदासाठीच घेता ना?" पार्टवाला हसला. "विमान थोडंच उडवायचंय! दुसरी घ्या, फुकट."

"अरे मेल्या, माझी आई पडली तुझ्या चिपेपायी!"

पार्टवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. निर्लज्ज मेला! घरी येईपर्यंत बाइंडर रस्ताभर शिव्या घालत होता. वर ताई आईचे कपडे पिशवीत भरत होती.

"आई, चोर होता तो! मी अस्सल चिप आणतो, आजच्या आज."

"आण हो बाळा. तुझं काही चुकलं नाही," आई म्हणाली. "पण मी बटण दाबत होते आणि तू येत नव्हतास. आता नाही रे मला त्याचा भरवसा."

त्यानं बोळा फेकला, आईला उचललं आणि ताईच्या घरी जायला स्वतःच जिन्यावरून खाली उतरवलं.