भावोजींचं मागचं दार

पालीहून फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई बोलवायला आला आणि मी त्याच्यावरच खेकसले, कारण वर्ग चालू असताना मला कोणी हाक मारलेली खपत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत रिसीव्हर टेबलावर उताणा पडलेला होता. पलीकडे भावोजींच्या शेजारच्या काकू होत्या. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्या ओरडूनच बोलल्या, "बाई, तुमचे भावोजी गेले हो. सकाळी चहा नेऊन दिला तर तसेच बसलेले, मागल्या पडवीत." मी म्हटलं, "दार उघडं होतं का?" हा काय प्रश्न झाला! मुख्याध्यापक माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. पण काकूंना काही विचित्र वाटलं नाही. "उघडंच होतं," त्या म्हणाल्या, "ते कधी लावत होते?"

त्याला आता काही आठवडे झाले. माझी मोठी बहीण मालती, आमची ताई, तिचे हे यजमान. पालीला हमरस्त्यापासून थोडं आत त्यांचं चिरेबंदी घर आणि मागे कलमांची बाग. बागायतदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोणी तालेवार माणूस येतो. भावोजी तसे नव्हते. कलमं बेताची, पण प्रत्येक कलमाला त्यांनी नाव ठेवलेलं. फार मिजास करून थोडंच फळ देणाऱ्या एका कलमाचं नाव कुंदा होतं, म्हणजे मी. लग्नात मी परकऱ्या वयाची होते आणि त्यांचा जोडा लपवून बसले होते. ते अनवाणीच जेवायला गेले, अनवाणीच परतले आणि जाताना मला म्हणाले, "ठेव हो मेहुणीबाई, तुला मोठे होतील तेव्हा घाल." मेहुणीची जिरवायची ती पहिली वेळ. पुढे आयुष्यभर त्यांनी माझी जिरवली आणि मी त्यांची. मी लग्न केलं नाही, रत्नागिरीत एका खोलीत राहिले, पण शनिवारी दुपारची एसटी धरली की पाली हेच माझं माहेर.

त्या घरात तिन्हीसांजेचा एक ठरलेला कार्यक्रम असे. ताई देवापाशी दिवा लावायची, तुळशीपाशी लावायची आणि मग स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, मागचं दार लावून घ्या." पुढचं दार सताड उघडं, मागचं बंद. लक्ष्मी पुढून येते आणि मागचं दार उघडं दिसलं तर त्यातून निघून जाते, हे आमच्याकडे लहान मुलांनासुद्धा माहीत असतं. भावोजी दरवेळी उठत, कडी घालत आणि दरवेळी म्हणत, "आली असेल तर अडकली बरं का आता." वर्षानुवर्षं हाच विनोद. ताई वर्षानुवर्षं हसायची. मला कधी हसू आलं नाही, पण आज तो विनोद कोणी केला तर मी कितीही लांबून ऐकायला जाईन.

तर ताईला आगगाडीत बसायचं होतं. आमच्या जिल्ह्यात अजून रूळ नाहीत. पन्नाशी उलटली तरी तिने आगगाडी फक्त चित्रात पाहिलेली. त्या वर्षी वैशाखात घाटावर भावोजींच्या पुतणीचं लग्न निघालं आणि तिने हट्टच धरला, की कोल्हापुरापर्यंत एसटीने आणि पुढे गाडीनेच जायचं. आंब्याची पेटी बरोबर होती. पेटी जड, म्हणून त्यांनी दाराजवळचीच जागा धरली. ताईला सगळ्याचं अप्रूप. एकच गोष्ट तिला खटकत होती. "ही दारं अशीच उघडी टाकतात मेली?" ती सारखी विचारत होती. हे सगळं मला भावोजींनी सांगितलं, एकदम नव्हे, तुकड्यातुकड्याने, कैक शनिवारी मिळून. सूर्य मावळला. डब्यात मिणमिणता दिवा लागला, तेव्हा ताईने पदर डोक्यावर घेऊन त्या दिव्याला नमस्कार केला आणि हसत म्हणाली, "अहो, तिन्हीसांजा झाल्या. मागचं दार लावून घ्या."

भावोजी उठले. ज्या बाजूला फलाट येत होते ते पुढचं दार आणि पलीकडचं ते मागचं, असा त्या दोघांनी हिशेब लावला. मागचं दार त्यांनी लावलं आणि खटका घट्ट बसवला. "आली असेल तर अडकली बरं का आता," असंही म्हणाले. पुढच्या एका लहानशा स्टेशनावर ताईला तहान लागली म्हणून फिरकीचा तांब्या घेऊन ते उतरले. नळावर गर्दी. गाडी हलली तेव्हा धावत येऊन हाताला आला तो मागचा डबा त्यांनी धरला. डब्यातून डब्यात जायची सोय नव्हती. पुढच्या स्टेशनावर बदलू, असं म्हणून ते दारातच उभे राहिले. ते पुढचं स्टेशन आलं नाही...

गाडी रुळावरून घसरली. भावोजींचा डबा कलून थांबला, त्यांना खरचटलं इतकंच. ताईचा डबा एका कुशीवर पडला आणि फलाटाकडचं दार खाली मातीत रुतलं. दुसरं दार वर आभाळाकडे होतं. ते उघडं असतं तर माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून बाहेर येऊ शकली असती. डब्याची चौकट पिळवटली होती, खटका तिच्यात अडकून बसला होता. भावोजी डब्यावर चढले आणि ते दार ओढत राहिले. आणखीही लोक आले. पहार नाही, कुऱ्हाड नाही, गाडीत साधा हातोडा कोणाला सापडला नाही. खिडक्यांना गज. आतून आवाज येत होते, त्यात ताईचा होता. "घाई करू नका हो, हाताला लागेल," ती सांगत होती. मग पाणी मागितलं. भावोजींनी तांब्याची फिरकी काढली आणि गजांमधून अंधारात पाणी ओतलं. ते तिच्यापर्यंत पोचलं की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गज कापणारी माणसं आली तोवर फार उशीर झाला होता.

पुढे कायद्याने द्यायची ती भरपाई मिळाली. भावोजींनी त्या कागदावर सही केली आणि पुन्हा त्या विषयाचं नाव काढलं नाही. पण त्या डब्यात गेलेल्यांच्या नातेवाइकांनी मिळून घाटावरच्या कोर्टात रेल्वेवर दावा लावला, की दारांचे खटके सदोष होते, गजांच्या खिडक्यांतून निसटायला वाट नव्हती, सुटकेचं एकही हत्यार गाडीत नव्हतं, आणि हा निष्काळजीपणा आहे असं कोर्टाने म्हणावं. भावोजी त्यात सामील झाले. मला आश्चर्यच वाटलं, कारण बांधावरचं भांडणसुद्धा ते चहा पाजून मिटवणारे. मी विचारलं तर म्हणाले, "कुणीतरी सांगू दे गो एकदा, की चूक कुणाची." एवढंच हवं होतं त्यांना. मी त्यांना शंभर वेळा सांगितलं होतं, की भावोजी, तुमची नाही. पण मेहुणीचा शब्द तो, त्याला कोण विचारतो!

तारखांना मी बरोबर जायची. आंबा घाट चढून एसटीने, कारण गाडीत ते पुन्हा बसले नाहीत. त्यांच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वकिलांनी सगळ्यांना बसवून समजावलं, की समोरचे वकील विचारणार, दार कोणी लावलं. "आठवत नाही म्हणायचं. तुम्ही तर त्या वेळी डब्यात नव्हतातच. ते म्हणायला बसलेत, की उतारूंनीच दार कोंडून घेतलं. त्यांच्या हातात आयतं कोलीत देऊ नका." भावोजींनी मान डोलावली. बाकीच्यांनी सुस्कारा टाकला. त्यात एक म्हातारे गृहस्थ होते, ज्यांचा तरणा मुलगा त्याच डब्यात गेला होता. ते भावोजींचा हात धरून म्हणाले, "आमचं सगळं तुमच्यावर आहे मास्तर." भावोजी मास्तर नव्हते, पण घाटावर सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

दुसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ते उभे राहिले. टोपी हातात. समोरच्या वकिलांनी आडवळणं घेत घेत तो प्रश्न विचारलाच. भावोजी म्हणाले, "मी लावलं." आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले. "का लावलंत?" "तिन्हीसांजा झाल्या होत्या." समोरच्या वकिलांना त्याचा अर्थच लागेना. ते म्हणाले, "म्हणजे काय?" भावोजींनी कोर्टाला समजावून सांगितलं. पुढचं दार, मागचं दार, दिवा, लक्ष्मी. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दार लावताना ते पुन्हा उघडेल असं तुम्हाला वाटलं होतं?" भावोजी म्हणाले, "साहेब, दार म्हटलं की उघडतंच."

बाहेर आलो तर दाव्यातलं कोणी आमच्याशी बोललं नाही. म्हातारे गृहस्थ तर तोंड फिरवून गेले. एसटी स्टँडच्या बाकावर आम्ही दोघं बसून राहिलो. मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "आठवत नाही एवढंच म्हणायचं होतं, भावोजी." ते म्हणाले, "आठवत नाही असं एकदा तोंडातून गेलं असतं ना कुंदे, तर तिची ती हाकसुद्धा खोटी झाली असती. तेवढीच तर उरलीय माझ्याकडे." मी शेंगा घेतल्या, सोलून त्यांच्या हातावर ठेवत राहिले. त्यांनी त्या खाल्ल्या नाहीत, खिशात टाकल्या.

निकाल लागायला फार काळ गेला. लागला तो आमच्या बाजूने. न्यायाधीशांनी सांगितलं, की दार असतं ते लावण्यासाठीच. उतारूने ते लावलं यात त्याचा दोष नाही. लावलेलं दार संकटात उघडेल हे बघणं, हे गाडी चालवणाऱ्या रेल्वेचं काम. आणि या साक्षीदाराने स्वतःच्या विरुद्ध जाईल ते सांगितलं, म्हणून त्याचं बाकीचं सांगणंही खरं मानायला हरकत नाही. तेच म्हातारे गृहस्थ भावोजींच्या गळ्यात पडून रडले. समोरच्यांनी वर अपील केलं, ते अजून कुठेतरी पडून आहे. पण भावोजींना हवं होतं ते वाक्य मिळालं होतं. परतताना घाटात मी म्हटलं, "झालं ना आता? कोर्टाने सोडलं तुम्हाला." ते खिडकीबाहेर बघत होते. "कोर्टाने सोडलं गो," ते म्हणाले. 

अपघातानंतर घरच्या मागच्या दाराला ते पुन्हा हात लावत नसत. दारापाशी त्यांनी एक जांभ्याचा चिरा आणून टेकवला होता, वाऱ्यानेसुद्धा लागू नये म्हणून. पावसाळ्यात पडवीतून पाणी आत यायचं, मांजरं यायची, एकदा साप आला. शेजारच्या काकूंनी तिन्हीसांजेला येऊन हळूच दार लावायचा प्रयत्न केला तर हा शांत माणूस ओरडला, "आत माणूस आहे!" काकू घाबरून परत गेल्या आणि पुन्हा कधी त्या दाराच्या वाटेला गेल्या नाहीत. मध्यंतरी कोकणात रेल्वे आणा म्हणून पालीत सभा झाली. लोकांना वाटलं, हे विरोध करतील. भावोजी उठले आणि म्हणाले, "येऊ दे की गाडी. माझ्या बागेतून नेलीत तरी चालेल. तेवढी दारं नीट बसवा म्हणावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाला वाजल्या ते भावोजींना कळलं नसावं, ते कावरेबावरे होऊन खाली बसले.

आमची शेवटची भेट अशाच एका शनिवारी झाली. मी दिवा लावून मागे आले तर ते पडवीत उघड्या दाराकडे तोंड करून बसलेले. काही न विचारता म्हणाले, "पाणी ओतल्यावर ती आणखी एक बोलली होती. तुला सांगायचं राहिलं." मी उभीच राहिले. "'घरी दिवा लागला असेल ना हो?' असं विचारलंन. दिव्याचं काकूंना सांगून आलो होतो आम्ही. मी म्हटलं, लागला असेल. मग बोलली नाही." एवढी वर्षं हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं. तेच माझी समजूत घालत म्हणाले, "रडू नको गो. रोज लागतोय की दिवा."

तेराव्यानंतर मुंबईहून आलेला भाचा, ताईचा मुलगा अविनाश, परत जायला निघाला. घर बंद करायचं तर मागचं दार लागेना. इतक्या वर्षांत लाकूड फुगलं होतं, बिजागरी गंजून गेली होती. अविनाशने सुतार बोलावून दार तासून घेतलं, चिरा अंगणात नेऊन टाकला आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मावशी, अधूनमधून बघत जा." मी बरं म्हटलं. त्याची एसटी गेली आणि मी एकटीच त्या घरात उरले. आवाज म्हणून कसला नव्हता. कपाटावरचा त्यांचा चष्मा मी पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवला, कोणाला द्यायचा ते न कळून.

संध्याकाळ झाली. देवापाशी दिवा लावला, तुळशीपाशी लावला. मग मागच्या पडवीत आले. हाक मारायला कोणी नव्हतं आणि उठायलाही कोणी नव्हतं. तासलेलं दार एका बोटाने सरकत होतं. मी ते ओढलं, कडीला हात घातला आणि हात तिथेच थांबला. हळूच आत हाक मारून पाहिली, "ताई... भावोजी..." वेडेपणाच तो. थोडा वेळ वाट पाहिली. मग कडी घातली. आत अडकायला आता कोणी राहिलं नव्हतं.