झिव्कोनंतरचा स्तोयान

'फिट फॉर ड्यूटी'च्या कागदावर डॉक्टरांनी सही करून दिली होती. स्तोयानने त्याची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "लाँच कधी येणार?"

लाँच म्हणजे किनाऱ्यावरून नांगरलेल्या जहाजापर्यंत माणसं नेणारी लहान बोट. तिला अजून अवकाश होता. आम्ही बंदरालगतच्या हार्बरफ्रंट भागात एका क्लिनिकबाहेर बाकावर बसलो होतो. जहाज इंधन भरून संध्याकाळी दक्षिण आफ्रिकेकडे निघणार होतं. मधे बंदर नाही, डॉक्टर नाही.

मी तेव्हा जहाजं चालवणाऱ्या एका कंपनीत क्रूइंग मॅनेजर होते. जहाजावर माणसं चढवणं, उतरवणं आणि ती धडधाकट आहेत ना हे पाहणं, हे माझं काम. दोन हजार सालानंतर आमच्या जहाजांवर बल्गेरिया, सर्बिया, युक्रेनमधले अधिकारी वाढले. स्तोयान बल्गेरियाचा. सेकंड इंजिनियर. इंजिन रूमचं रोजचं काम हाच माणूस चालवतो. आदल्या दिवशी अलार्म वाजला म्हणून तो शिडीवरून धावत वर गेला आणि वर पोचताच बेशुद्ध पडला. लगेच शुद्धीवर आला. तरी कॅप्टनने त्याला किनाऱ्यावर पाठवलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. निदान असं की उष्णतेने शरीरातलं पाणी कमी झालं. इंजिन रूममध्ये हे नेहमीचंच.

या लोकांना नावांचे अर्थ विचारायची मला सवय लागली होती. अर्थ कळला की नाव लक्षात राहतं. बोगदान म्हणजे देवाने दिलेला, म्हणजे सरळ आपला देवदत्त. रादोस्लावमध्ये आनंद आणि कीर्ती. सर्बियाचा एक इलेक्ट्रिशियन होता, त्याचं नाव वूक. वूक म्हणजे लांडगा. लांडग्याच्या वाटेला चेटकीण जात नाही म्हणून आजीने ठेवलं, असं तो सांगायचा.

"आणि स्तोयान म्हणजे?"

"राहा. जाऊ नको," तो म्हणाला. "जुनं नाव आहे. खेड्यातलं."

मुलाचं नाव 'जाऊ नको' कोण ठेवतं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

"तुझ्याआधी किती गेले?" मी विचारलं.

"कोण गेले?"

"भाऊ."

त्याने रस्त्याकडे पाहिलं. "आई, वडील आणि मी. बस."

"माझ्या मामांचं नाव दगडू. दगडू म्हणजे दगड."

"स्टोन? माणसाचं नाव?"

"धोंडूही असतो. तोही दगडच. केरू असतो. केरू म्हणजे केरकचरा."

"गार्बेज!" तो मोठ्याने हसला. "मॅडम, तुमच्यापेक्षा आमचे लोक बरे."

"मूल जगत नसलं की असं नाव ठेवायचे. यमालाही ते नको वाटावं म्हणून. मामांच्या आधीच्या दोघांची नावं घरात कुणी घेत नसे. घेतली तर मामांवर नजर पडेल, अशी भीती."

त्याचं हसू थांबलं. "आमच्याकडेही घेत नाहीत," तो म्हणाला. खिशातला कागद त्याने वरूनच चाचपला.

"पहिला झ्द्राव्को," तो म्हणाला. "झ्द्राव्को म्हणजे निरोगी. नदीत बुडाला. चांगला पोहायचा, तरी. मग झिव्को. झिव्को म्हणजे जिवंत. शाळेच्या मैदानात धावताना पडला, तो उठलाच नाही. मी दोघांनाही पाहिलेलं नाही. आईवडिलांनी आधी निरोगी मागितला, मग नुसता जिवंत. मग म्हणाले, काही नको, फक्त राहा."

मी उठले. "चल आत. डॉक्टरांना हे सांग."

"मॅडम, नो."

"झिव्को धावत होता. कालही तू धावत होतास."

"झ्द्राव्को बुडाला!"

"चांगला पोहायचा, असं तूच म्हणालास."

तो उभा राहिला. माझ्यापेक्षा हातभर उंच. "एवढी खेप झाली की माझा सी टाइम पूर्ण होतो. चीफ इंजिनियरच्या परीक्षेला बसेन. कागद खिशात आहे. मी फिट आहे. आणि हे मी तुम्हाला सांगितलं, क्लिनिकला नाही."

सी टाइम म्हणजे परीक्षेला बसण्याआधी समुद्रावर काढावा लागणारा काळ. तो पुरा करण्यासाठी माणसं बरंच काही लपवतात. हे मला माहीत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. माझे बॉस, मिस्टर टान, तिथल्या लोकांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडून बोलणारे.

"कुठे आहेस? लाँच निघतेय."

"त्याला परत डॉक्टरांना दाखवायचं आहे."

"का? डॉक्टर फिट म्हणाले ना?"

मी थोडक्यात सांगितलं.

"फिट म्हणाले म्हणजे फिट, लाह! तू क्रूइंग बघ. सेकंडशिवाय जहाज हलवता येत नाही, माहीत आहे ना? मालकांना काय सांगू? नावाचा अर्थ वाईट निघाला म्हणून जहाज थांबवलं?"

"डॉक्टर पुन्हा फिट म्हणाले तर मी स्वतः त्याला लाँचवर बसवते."

"लवकर कर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"तू सांगतोस की मी सांगू?" मी स्तोयानला विचारलं.

तो परत बाकावर बसला. मी आत गेले.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "मी विचारलं होतं. घरात हृदयाचा आजार? नो. कुणाचा अचानक मृत्यू? नो."

"त्यांच्या घरात त्या मुलांचा उल्लेख करत नाहीत."

त्यांनी ईसीजीची पट्टी पुन्हा काढली, खिडकीजवळ नेली आणि पट्टीवरचं एक अंतर मोजलं. "हे काठावर आहे," ते म्हणाले. "एवढ्यावरून मी कुणाला थांबवलं नसतं. पण दोन भाऊ असे गेले असतील तर थांबवीन. बोलवा त्याला."

स्तोयान आला. डॉक्टरांनी हात पुढे केला. "तो कागद परत द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. कागद काढून टेबलावर ठेवला आणि बल्गेरियन भाषेत काहीतरी म्हणाला. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

इस्पितळात निदान झालं. हृदयाचा ठोका ज्या विजेवर चालतो तिच्यातच जन्मजात दोष होता. धावताना, पोहताना ठोका बिघडू शकतो. असा माणूस पाण्यात आधी बेशुद्ध होतो, मग बुडतो. भावांबद्दल आता खात्रीने काही सांगता येणार नाही, असं तज्ज्ञ म्हणाले. याला मात्र पुन्हा समुद्रावर पाठवता येणार नाही, हे त्यांनी खात्रीने सांगितलं.

दुसरा सेकंड इंजिनियर येईपर्यंत जहाज नांगरावर थांबलं. मिस्टर टान यांनी मालकांना कारण कळवलं, मेडिकल. मला म्हणाले, "नेक्स्ट टाइम नावं सकाळी विचार, लाह."

विमानतळावर स्तोयानने माझ्याशी हात मिळवला नाही. पुढे आमच्या बल्गेरियातल्या एजंटकडून कळलं की तो बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याच्या लहान मुलाची तपासणी झाली, त्याच्यातही तोच दोष निघाला आणि आता तो गोळ्यांवर आहे. निरोप एवढाच होता. त्यात थँक्यू नव्हतं. माणसाचं करियर संपवल्यावर ते अपेक्षितही नसतं.

घरात कुणाला आजार आहे का, असं विचारलं की माणूस हयात असलेल्यांचाच विचार करतो. त्यानंतर मी माझा प्रश्न बदलला. घरातलं कोण लहानपणी गेलं, असं विचारू लागले. यावर बरेच जण रागावतात. जे रागावतात, त्यांना मी पुन्हा विचारते.