दिवडाच्या डोळ्याखालच्या रेघा

आमच्या गुंद गावाकडं भातशेताच्या बांधाला जिथं पाणी सुटतं, तिथं बांबूचा सापळा लावतात. रात्रीतून वाहत आलेले मासे त्यात अडकतात. त्या सकाळी धुकं एवढं खाली आलेलं, की शेत कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं तेच कळत नव्हतं. आईनं सापळ्यात हात घातला आणि हळूच म्हणाली, "चावला गं."

आत साप होता. तिच्या बोटांतून रक्त येत होतं, तरी दुसऱ्या हातानं तिनं सापळ्याचं तोंड दाबून धरलेलं.

"आधी त्याला बघ. सुटला तर डॉक्टरला काय सांगशील?"

घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि सापही मी नीट बघून ठेवलेत. घोणस असती तर तिकोनी डोकं, आखूड शेपटी, अंगावर साखळीसारखे मोठे ठिपके असते. मी वाकले. धुकं माझ्या आरपार जातंय असं वाटलं. चटईच्या विणीसारखे चौकोन, डोळ्यात गोल बाहुली, आणि डोळ्याखाली काजळ ओघळल्यागत दोन तिरक्या रेघा.

"दिवड हाय. विष न्हाई."

"नक्की?"

"व्हय."

"आनी मासे?"

"त्यानंच खाल्ले."

"हात माझा, मासे त्याचे," म्हणत तिनं सापळा उघडला. दिवड डोकं तेवढं पाण्यावर ठेवून धुक्यात विरघळला.

तरी मी तिला दवाखान्यात नेलंच. जीपमध्ये ती वाटभर माझ्या खांद्यावर निर्धास्त झोपली होती.